टंचाईचे पाणी कोणाच्या विहिरीत?

महाराष्ट्रातील दुष्काळांचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक पावसाच्या आकड्यांपासून सुरुवात करतात. किती पाऊस पडला, आणेवारी किती लागली, किती गावे टंचाईग्रस्त ठरली आणि किती विंधन विहिरी खोदल्या, हे सारे कोष्टकात बसते. या इतिहासात ‘गाव’ नावाचे एकच पात्र असते. गावाला तहान लागते, सरकार किंवा एखादी दयाळू संस्था गावाला पाणी देते आणि गाव सुखावते. असे एकसंध गाव या देशात कधी होते काय, हा प्रश्न या लेखकांना पडत नाही. आपल्याला तो पडतो, कारण आपल्या आयाबायांनी विहिरीच्या काठापासून दहा हात दूर उभे राहून गुंड भरण्याची वाट पाहिलेली आहे. पाण्याच्या मदतीचा इतिहास त्या दहा हातांच्या अंतरावरून लिहिला तर तो कसा दिसेल, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी उमरेडचा मुलूख मुद्दाम निवडला आहे.

मुद्दाम अशासाठी की उमरेड हा दुष्काळी मुलूख म्हणून कोणाला ठाऊक नाही. नागपूरच्या आग्नेयेस चंद्रपूरकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरचे हे गाव. कुही आणि भिवापूर हे आजचे तालुके पूर्वी याच तहसिलीत होते. येथे वर्षाकाठी सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. माणदेशातल्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. तरीही फाल्गुन सरला की विहिरी तळ दाखवू लागतात. जिल्ह्याच्या पश्चिमेला काळा पाषाण, पूर्वेला त्याहूनही जुना कठीण खडक आणि मध्ये उमरेडचा कोळशाचा पट्टा, अशी येथली भूमी आहे. कठीण खडकाच्या पोटात पाणी फार साठत नाही. पावसाळ्यात आलेले पाणी पृष्ठभागावरच अडवून ठेवावे लागते, आणि ते अडवण्याचे शास्त्र या भागातल्या लोकांना शेकडो वर्षांपासून अवगत होते.

तळी बांधण्याचे ते शास्त्र. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी जो तळे बांधील त्याला तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. कोहळी समाज या कामात निष्णात होता. भंडारा-चंद्रपूरपासून उमरेडच्या पूर्व भागापर्यंत हजारो तळी व बोड्या झाल्या. १८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्यप्रांताची जमाबंदी केली आणि गावाचा वसूल करणाऱ्या पाटलालाच मालगुजार म्हणून मालकी बहाल केली. तळी मालगुजाराची झाली. म्हणूनच आजही कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि बोलताना सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात.

या जमाबंदीबरोबर ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा एक कागद जन्मास आला. गावाचे रिवाज त्यात नोंदले जात: जंगलातून सरपण कोणी न्यावे, गुरे कोठे चारावी, तळ्याच्या पाण्याचा निस्तार कसा असावा. आपले इतिहासकार या कागदाचे कौतुक करतात, आणि ते काही अंशी योग्यही आहे, कारण गोरगरिबांचा निस्ताराचा हक्क त्यामुळे लेखी झाला. पण जो रिवाज सर्वात कडकपणे पाळला जाई तो लिहून ठेवण्याची कोणाला गरजच वाटत नसे. महाराने मुख्य विहिरीला हात लावू नये, हे सांगायला कागद कशाला हवा? लेखी हक्काला दाद मागता येते. बिनलेखी बंदीविरुद्ध कोणत्या कचेरीत जावे?

नागपूरकडचा महार हा नुसता शेतमजूर नव्हता. तो गावचा कोतवाल होता आणि विणकरही होता. उमरेडची रेशीमकाठी धोतरे कोष्ट्यांनी नावारूपाला आणली. खेड्यापाड्यातले जाडेभरडे कापड मात्र महाराच्या मागावर निघे. ताण्याला खळ द्यायची तर पाणी लागते. म्हणजे महाराच्या हातचे पाणी सुतात मुरत असे, ते सूत कापड होई, ते कापड सवर्णांच्या अंगावर चढे आणि त्यात कोणाला विटाळ दिसत नसे. विटाळ विहिरीच्या काठावर येऊन थांबलेला होता. ज्या ठिकाणी माणसाला अडवून ठेवता येते तेथेच तो सापडे, ही गोष्ट धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

मग वस्तीने पाणी प्यायचे कोठून? नाल्याच्या वाळूत झिरा खणून, गुरांच्या बोडीतून, किंवा विहिरीवर ताटकळत उभे राहून कोणी वरून ‘वाढले’ तर. उन्हाळ्यात झिऱ्यावर वाटी-वाटीने गुंड भरावा लागे. येथे ‘सुरक्षित पाणी’ या आजच्या शब्दाचा विचार करावा. पटकी झिऱ्याच्या व नाल्याच्या पाण्यातून येते. नारू येतो तो तळ्याच्या आणि पायऱ्यांच्या विहिरीच्या पाण्यातून. नारूचा रोगी पाण्यात पाय बुडवतो, जंताची पिल्ले पाण्यात उतरतात, पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून सुमारे वर्षाने नारू बाहेर पडतो. महाराष्ट्र हा नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. बांधलेल्या, कठडा असलेल्या, उपसून घेण्याच्या विहिरीपासून ज्याला दूर ठेवले त्याच्या वाट्याला उघडे पाणी येणार आणि उघड्या पाण्याबरोबर रोग येणार, हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही. अस्पृश्यता ही मनाची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी ती पोटात आणि पायात कशी शिरत होती हेही पाहावे.

या अवस्थेविरुद्धची धडपड आपल्या विभागात महाडच्याही आधी सुरू झालेली आहे. नागपूरच्या विठोबा रावजी मूनपांडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रामटेकच्या अंबाळा तलावावर महारांना स्नान करता यावे म्हणून खटपट केली. तिचे स्वरूप अर्ज-विनंतीचे होते आणि मागणी तीर्थाच्या पाण्याची होती. या प्रयत्नाला आज कोणी थिटा म्हणेल. मला तो तसा वाटत नाही. सार्वजनिक पाण्यावर आपला दावा आहे, हे वाक्य आधी कोणीतरी उच्चारावे लागते.

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले आणि ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर दंगल, तळ्याचे ‘शुद्धीकरण’, नगरपालिकेची माघार आणि दिवाणी दावा. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला, म्हणजे दहा वर्षांनी. त्या निकालाचा आधार विचार करण्यासारखा आहे. ही बंदी अनादि काळापासूनची आहे हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. माणूस म्हणून तुमचा पाण्यावर हक्क आहे, एवढ्यावर ते प्रकरण जिंकले गेले नाही.

नागपूर-वर्धा भागात त्याच सुमारास पाण्याविषयीचा दुसरा एक विचार आकार घेत होता. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली, आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून नावारूपाला आली, तिचे सरचिटणीस अ. वि. ठक्कर यांना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये एक पत्र लिहिले. दलितांच्या नागरी हक्कांसाठी, गावच्या विहिरीवर पाणी भरण्यासाठी, शाळेत बसण्यासाठी, खेड्याखेड्यांत मोहीम काढा, संघर्ष झाला तरी चालेल, असा त्या पत्राचा रोख होता. संस्थेने तो मार्ग घेतला नाही. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहून निघाला आणि दुसऱ्याच दिवशी नागपुरात आला. काही ठिकाणी मंदिरे-विहिरी खुल्या झाल्या, पण संघाच्या कामात भर राहिला तो हरिजनांसाठी वेगळ्या विहिरी खोदण्यावर. वेगळी विहीर खोदली की सवर्णांची विहीर सुखरूप राहते. देणगीदाराला पुण्य लागते, गावाला शांतता लाभते आणि वस्तीला पाणी मिळते. या व्यवहारात तोटा कोणाचा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत नागपुरात जी अखिल भारतीय परिषद भरली, तिनेच अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावठाणे वसवावीत अशी मागणी केली. महाडला तळे एक करा म्हणणारे बाबासाहेब पंधरा वर्षांनी नागपुरात गावच वेगळे मागतात, यात विसंगती आहे काय? मला तशी दिसत नाही. वस्तीतली दानाची विहीर सवर्ण गावाच्या मर्जीत, सवर्णांच्या शेतावरच्या मजुरीत बांधलेली असते. बहिष्काराच्या दिवशी ती माणसाला वाचवत नाही, कारण माणूस नुसत्या पाण्यावर जगत नाही. मुंबई इलाख्यातील स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सभासद होते, १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे हेच स्वरूप सांगितले आहे: वाट बंद, वाणसामान बंद, मजुरी बंद. १९४२ ची मागणी जमिनीसह, सत्तेसह वेगळे होण्याची होती. वेगळी विहीर आणि वेगळे गाव यांत हे अंतर आहे. आपल्यातलेच काही लोक आज या दोहोंची गल्लत करतात.

स्वातंत्र्याबरोबर कायदे आले. मध्यप्रांत-वऱ्हाडने १९४७ मध्येच अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा कायदा केला. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तळी व स्नानघाट नावानिशी खुले केले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने पाणवठ्यावर अडवणे हा गुन्हा ठरवला आणि १९७६ च्या दुरुस्तीने हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. इकडे मालगुजारी १९५१ मध्ये संपली. तळी सरकारची झाली आणि कोणाचीच राहिली नाहीत. गाळ साठला, पाळी फुटल्या, बोड्या बुजवून शेते झाली. मालगुजाराच्या जुलमाबद्दल मी अश्रू ढाळणार नाही. पण ज्या झिऱ्यांना वरच्या तळ्याच्या पाझराने पाणी येई ते झिरेही आटले. ते कोणाचे होते हे वर सांगितलेच आहे.

याच काळात १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस येतो. नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा घेऊन परतलेल्या माणसांनी गावोगाव मेलेली ढोरे ओढायचे सोडले, गावकीची कामे नाकारली. गावाने उत्तर दिले ते पाण्यानेच. विहिरीवर वाढून मिळणारे पाणी बंद करणे हे सर्वात स्वस्त हत्यार होते. त्यासाठी हात उगारावा लागत नाही, नुसता आखडता घ्यावा लागतो. कित्येक बौद्ध वस्त्यांतील पहिल्या विहिरी या उत्तराला दिलेले प्रत्युत्तर म्हणून, लोकांनी स्वतः खणलेल्या आहेत. कोणत्याही खात्याच्या अहवालात त्या सापडणार नाहीत.

मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ चीच. केंद्राचा त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमही १९७२-७३ चा. त्या वर्षी दलितांनी पाण्याचा दुसरा अर्थही पाहिला. मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात पाण्याच्या कारणावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. दलित पँथरच्या जन्मामागे जो संताप होता त्यात ही घटना आहे. त्याच सुमारास बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली आणि गावोगावच्या पाणवठ्यांची पाहणी केली. दुष्काळात पाणी कमी होते तेव्हा सारे एक होतात, असे एक गोड मत शहरात प्रचलित आहे. पाणी कमी झाले की रांग लांबते, आणि रांग लांबली की ती जातीने लागते, असे पाहणाऱ्यांना दिसले.

या दुष्काळाने एक वस्तू मात्र अशी दिली की जिच्याविषयी आपल्या साहित्यात फारसे लिहिले गेलेले नाही: हातपंप. वेगाने खडक फोडणारी यंत्रे आली, पण जुने बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी घडवलेले असल्याने शंभर हातांखाली ते टिकेनात. जालन्याच्या स्कॉटिश मिशनने आणि पुढे सोलापूर वेल सर्व्हिसने मजबूत पंप घडवले. त्या सोलापुरी पंपाच्या आधारे युनिसेफ, मेराडो ही संशोधन संस्था आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांनी ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले आणि तो साऱ्या देशात, पुढे आफ्रिकेतही गेला. पोलादी खांब, लांब दांडा आणि दांड्याला जोडलेली साखळी, असे त्याचे रूप उमरेडच्या खेड्यातल्या कोणत्याही बाईला डोळे मिटून सांगता येईल.

त्याची खुबी अशी की विंधन विहीर बंद असते. दोर नाही, बादली आत जात नाही, पाय बुडत नाही. म्हणून नारू आणि पटकी दूर राहतात. आणि ज्या कारणाने जंतू आत जात नाही त्याच कारणाने विटाळही आत जाऊ शकत नाही. दोरीवाटे, बादलीवाटे विटाळ पाण्यात उतरतो, या शास्त्रार्थाची वाटच या यंत्राने बुजवली. इंजिनियरांनी जात डोळ्यांपुढे ठेवून ते केले नव्हते. रूढी मात्र इंजिनियरांहून चतुर निघाली. पाण्यातून निघालेला विटाळ दांड्यावर जाऊन बसला! दलित बाईने पंप मारला की पुढची बाई दांडा धुऊन घेई. ज्या पाण्याच्या टंचाईसाठी पंप आला तेच पाणी दांडा धुण्यात जाई.

सरकारी निकष माणशी रोज चाळीस लिटर आणि अडीचशे माणसांमागे एक हातपंप असा होता. या निकषाने आणि दलित वस्तीच्या वेगळ्या निधीने वस्तीत पंप आले, हे मान्य केलेच पाहिजे. मैलभराची पायपीट वाचली, पोरी शाळेत जाऊ लागल्या. परंतु वेगळ्या विहिरीचा जुना तोडगा आता सरकारच्या हिशेबात बसला. गावचा पंप आणि वस्तीचा पंप. वस्तीचा पंप बिघडला की गावच्या पंपावर जायचे, आणि तेथे १९३२ चा प्रश्न जसाच्या तसा उभा. येथे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. बौद्ध वस्तीच्या विहिरीवर मांगाला आणि मेहतराला सहज पाणी भरू दिले, असे किती गावांत छातीवर हात ठेवून सांगता येईल? श्रेणीबद्ध विषमतेचा सिद्धान्त सभेत सांगायला आपल्याला आवडतो. तो विहिरीच्या कठड्यावर मोजावा.

टँकरचे तर सारेच उघड आहे. टँकर गावात येतो, माणशी वीस लिटरच्या हिशेबाने, आणि अनेक ठिकाणी ते पाणी गावच्या विहिरीत ओतून रिकामा होतो. मग ज्याच्या हाती दोर त्याचे पाणी. सरकारी तिजोरीतून निघालेले, कोणत्याही जातीचे नसलेले ते पाणी विहिरीच्या कठड्याखाली गेले की गावचे होते. टंचाई आराखड्यात गावाचे नाव, लोकसंख्या, खेपा, अंतर असे सारे रकाने असतात. पाणी कोणत्या विहिरीत ओतले आणि त्या विहिरीवर कोण येऊ शकतो, असा रकाना असायला काय हरकत आहे?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. एप्रिलमधल्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. देशभर त्याची छायाचित्रे छापून आली. त्याच उन्हाळ्यात आपल्या विदर्भात, वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याच्या कळंबेश्वर गावात, एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवरून अपमानित होऊन परतावे लागले. त्याने अवजारे आणली आणि मजुरीला जाण्याआधी व मजुरीहून परतल्यावर, रोज सहा तास याप्रमाणे चाळीस दिवस एकट्याने खणले. शेजारी त्याला वेडा म्हणाले. पाणी लागले आणि सारी वस्ती ते भरू लागली. अपमान करणाऱ्याचे नाव त्याने वार्ताहरांना सांगितले नाही. गावात भांडण नको म्हणून, असे त्याचे म्हणणे होते. वृत्तपत्रांनी त्याच्या चिकाटीचे भरभरून कौतुक केले. १९५५ च्या कायद्याची आठवण त्या कौतुकात फारशी झाली नाही.

उमरेडकडे परत येऊ. १९६० च्या दशकात येथे कोळशाची उघडी खाण सुरू झाली. खाणीत शिरणारे भूजल उपसून टाकल्याशिवाय कोळसा काढता येत नाही. पूर्वेला गोसीखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, आणि कुही-भिवापूरची कित्येक गावे उठली. ज्यांना ओंजळभर पाण्यासाठी झिरा खणावा लागे त्यांच्या दाराशी समुद्रासारखे पाणी आले, तेही कसले? नागपूर शहराची घाण नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेच्या त्या जलाशयात पोचते. २०१९ पासून जलजीवन मिशनखाली घरोघरी नळ आणि माणशी पंचावन्न लिटरचे वचन आहे. नळ ही हातपंपाहूनही चांगली गोष्ट, कारण घराच्या आत दांडा धुवायला कोणी येत नाही. परंतु नळाला टाकी असते, टाकीला व्हॉल्व असतो आणि व्हॉल्ववर माणूस असतो. वस्ती गावाच्या टोकाला, म्हणजे नळमार्गाच्याही टोकाला. उन्हाळ्यात पाणी अर्धा तास सुटते तेव्हा टोकापर्यंत काय पोचते, हे आधी तपासावे. जोडण्यांची संख्या त्यानंतर मोजावी.

हा इतिहास लिहायचा तर सरकारी कागद पुरे पडणार नाहीत. उमरेड, कुही, भिवापूरच्या वस्त्यांत हातपंप येण्यापूर्वी झिऱ्यावर पाणी भरलेल्या म्हाताऱ्या अजून हयात आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत. या अंकाचे जे वाचक त्या गावांत शिक्षक, ग्रामसेवक किंवा परिचारिका आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसावे. वस्तीची पहिली विहीर कोणत्या साली खणली, जागा कोणाची होती, वर्गणी किती पडली, गावच्या विहिरीत पहिला दोर कोणी टाकला आणि त्या दिवशी काय झाले, एवढे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि पाठवावे.